टर्बो गाडीला सायलेन्सरचा पाइप किती इंची घालावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०२१ ची पोलो १.० टीएसआय, कंपनीतून ११० पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला मॅप (सेटिंग) बदलून, १४० च्या आसपास न्यायची आहे. आठवड्याला नाशिक-मुंबई होतं, म्हणजे कसारा घाट आलाच. एका दुकानात सांगितलं, टर्बो गाडीला तीन इंचाखाली काही घालूच नका. दुसऱ्याने सांगितलं, पाइप मोठा केला की बॅकप्रेशर (पाइपातल्या अडथळ्याने इंजिनावर उलटा येणारा दाब) जातं आणि घाटात गाडी मरते. मग ऐकायचं कुणाचं?

पूर्णपणे दोघांचंही नाही. १४० चं उद्दिष्ट असेल तर तुमच्या गाडीला सव्वादोन इंच पुरतो. पुढे टर्बो बदलायचा विचार असेल तर अडीच घाला. तीन इंचाची तुम्हाला गरज नाही. पण माझं खरं म्हणणं याच्या अलीकडचं आहे. पाइप विकत घेण्याआधी सध्याच्या सायलेन्सरमध्ये अडथळा नेमका कुठे आहे ते मोजा. इंचावर तासभर वाद घालणारी मंडळी गाडीखाली पाच मिनिटं व्हर्नियर घेऊन जात नाहीत आणि पैसे नको त्या जागी खर्च होतात. हे मी नाशिकच्या अंबडला काम करताना वर्षानुवर्षं बघतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॅकप्रेशरची भीती काढून टाकू, कारण ती खूप पसरली आहे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात एक्झॉस्टचा प्रत्येक झटका पाइपातून पळताना मागे थोडा दाब कमी करतो. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हा त्या कमी दाबाचा उपयोग सिलिंडर साफ व्हायला होतो. तिथे पाइप उगाच मोठा केला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी ढिली वाटते. लोकांनी यावरून अर्थ काढला की इंजिनाला बॅकप्रेशर लागतं. त्याही इंजिनाला हवा असतो तो वेग. दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो.

टर्बो गाडीत तर मध्ये टर्बाइनचं चाक उभं आहे, ते बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतं आणि त्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबली जाते. ते झटके बहुतांशी त्या चाकातच खर्ची पडतात. चाकाच्या मागे जो पाइप आहे त्याच्याकडून टर्बोला एकच अपेक्षा असते, शक्य तितका कमी दाब. कारण टर्बाइन फिरते ती पुढचा दाब भागिले मागचा दाब या गुणोत्तरावर. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब साधारण ०.९४ बार धरू. समजा टर्बाइनच्या पुढे २.५ बार आहे आणि मागच्या सायलेन्सरने ०.३ बार अडवून धरलाय. मागचा एकूण दाब झाला १.२४ आणि गुणोत्तर साधारण २. आता मागची अडवणूक ०.१ वर आणली तर मागचा दाब १.०४ होतो आणि तेच गुणोत्तर मिळायला पुढे २.५ ऐवजी २.१ बार पुरतो. म्हणजे तेवढाच बूस्ट (इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब), पण सिलिंडरमधून जळका वायू बाहेर ढकलायला पिस्टनला कमी जोर लावावा लागतो, आत कमी गरम वायू उरतो, नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडण्याची) शक्यता घटते आणि टर्बो थोडा लवकर जागा होतो. घाटात गाडी मरण्याऐवजी उलट जरा खालच्या आरपीएमलाच उचलते. दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं तुमच्या गाडीला लागू नाही ते यासाठी.

मग पहिल्याचं तीन इंचाचं म्हणणं बरोबर नाही का? दिशा बरोबर आहे, पण एका मर्यादेपलीकडे त्यातून काही मिळत नाही. सरळ पाइपात दाब किती पडतो ते व्यासाच्या जवळपास पाचव्या घातावर अवलंबून असतं. दीड मिलिमीटर जाडीचा पाइप धरला तर दोन इंचीचा आतला व्यास ४७.८ मिमी, सव्वादोनचा ५४, अडीचचा ६०.५ आणि तीनचा ७३ मिमी. तुमच्या इंजिनाच्या प्रवाहाला दोन इंची पाइपात समजा दीड पीएसआय (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) दाब पडत असेल, तर सव्वादोनमध्ये तो ०.८ च्या आसपास येईल, अडीचमध्ये ०.४५ आणि तीनमध्ये ०.२ च्याही खाली. पहिल्या पायरीला ०.७ पीएसआय वाचले. अडीचवरून तीनवर जाताना वाचले पाव पीएसआयच्या आसपास. त्या पावासाठी तुम्ही जास्त वजन, जास्त आवाज आणि कमी ग्राउंड क्लिअरन्स विकत घेता. सिडकोतले स्पीडब्रेकर रोज ओलांडणाऱ्या माणसाला ग्राउंड क्लिअरन्सची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी गोष्ट, आणि ही दुकानात कुणी सांगत नाही. आजकालच्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टॉर्कचं लक्ष्य ठरवून चालतो. तुम्ही पाइप मोकळा केलात तर तो बूस्ट वाढवत नाही, वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) जरा जास्त उघडतो आणि ठरलेला टॉर्क देत राहतो. मॅप न बदलता नुसता सायलेन्सर बदलून जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती बहुतेक आवाजाची असते. पाइपाचा खरा फायदा मॅपबरोबर मिळतो. म्हणून रिमॅप करणाऱ्याशी आधी बोला, लोखंडाचं काम त्याच्या सल्ल्याने करा.

आता आकार काढायचा हिशोब. मी वापरतो तो जुना ठोकताळा असा: एका हॉर्सपॉवरमागे पाइपाचं आतलं क्षेत्रफळ किमान १२ चौरस मिलिमीटर. हा साध्या इंजिनांवरून आलेला आकडा आहे. टर्बोला मागचा दाब अजून कमी हवा, म्हणून मी १६ धरतो. १४० गुणिले १६ म्हणजे २२४० चौरस मिमी, आतला व्यास निघतो ५३ मिमीच्या जरा वर. सव्वादोन इंची पाइपाचं आतलं क्षेत्रफळ २३०० आहे. जमलं. याच मापाने दोन इंच ११० पर्यंत निवांत चालतो, सव्वादोन १४५ पर्यंत, अडीच १८० पर्यंत आणि तीन इंच २६० पर्यंत. १.५ टीएसआयची १५० पीएसची गाडी मॅप करणार असाल तर अडीच घाला. २३० पीएसच्या ऑक्टेव्हिया व्हीआरएसला तीन इंच शोभतो. तुमच्या एक लिटरला नाही.

हा ठोकताळा आहे, कायदा नाही. पाइप किती लांब, किती वळणं, मध्ये किती डबे, यावर तो वरखाली होतो. शिवाय सगळा पाइप एकाच मापाचा असला पाहिजे असं नाही. टर्बोतून निघताना पूर्ण जोरात वायू ८५० अंशांच्या घरात असतो, शेपटीपर्यंत येताना तो ४०० पर्यंत उतरलेला असतो. तापमान उतरलं की आकारमानही आकसतं. या दोन आकड्यांत ते दीडपटीहून जास्त फरकाचं आहे. म्हणून मोठं माप हवं ते पुढे, टर्बोला लागून. मागच्या एक्सलवरून जाताना जागा नसेल तर तिथे एक माप उतरलात तरी फार बिघडत नाही. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं. लोक मागचा डबा आणि टोकाची चमकती नळी मोठी करतात, कारण ती दिसते, आणि पुढचा, टर्बोला जोडलेला अरुंद डाउनपाइप तसाच राहतो.

मोजणीकडे येतो. तुमच्या पोलोसारख्या छोट्या टर्बो गाडीत टर्बोच्या लगेच मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा, पुढे नुसतं कॅट) असतो, त्याच्या मागे दुसरा लॅम्डा सेन्सर, म्हणजे वायूतला ऑक्सिजन मोजणारा. त्या सेन्सरच्या जागेचे आटे एम १८ बाय १.५ चे असतात. त्याच आट्यांच्या बोल्टला आरपार भोक पाडा, त्यात फ्रिजवाल्यांकडे मिळणारी सहा मिमीची तांब्याची नळी ब्रेझ करून घ्या, एक मीटरभर लांब ठेवा म्हणजे टोकाशी गार होते. पुढे रबरी नळी आणि ० ते १५ पीएसआयचा साधा गेज. पुढचा, म्हणजे कॅटच्या अलीकडचा सेन्सर मात्र काढून जोरात गाडी पळवू नका. इंजिन त्याच्यावरच पेट्रोलचं प्रमाण सांभाळतं. मागचा काढला तर चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने घालवता येतो. मग चढावर, रस्ता मोकळा असताना, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन वरच्या आरपीएमपर्यंत एकदा न्या आणि शेजारच्याला गेज वाचायला सांगा. चालवणाऱ्याने गेजकडे बघायचं नाही. डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) उपलब्ध असेल तर त्याहून उत्तम.

जो आकडा येईल तो कॅटच्या मागे जे जे आहे त्याचा आहे. त्याला वाढीव ताकदीच्या वर्गाने गुणायचं. ११० वरून १४० म्हणजे १.२७ पट, त्याचा वर्ग १.६२. आज गेजवर दीड पीएसआय दिसला तर रिमॅपनंतर अडीचच्या आसपास दिसेल. आज अडीच असेल तर चारच्या वर जाईल. माझा हिशोब असा: रिमॅपनंतरचा अंदाज दोनच्या आत असेल तर मागचा पाइप बदलू नका, पैसे वाचवा. दोन ते चारमध्ये असेल तर बदलण्यात अर्थ आहे. चारच्या वर असेल तर बदललाच पाहिजे, नाहीतर मॅप करणाऱ्याचे हात बांधलेले राहतात.

आणि बदलायचं ठरलं तर नेमकं काय बदलायचं? गेज पाइपावर दोन-तीन ठिकाणी लावून बघा. मधल्या रेझोनेटरच्या (आवाज कमी करणाऱ्या मधल्या डब्याच्या) आधी, मागच्या डब्याच्या आधी. जिथे आकडा एकदम पडतो तिथे अडथळा. पुष्कळदा पाइप निर्दोष निघतो आणि मागचा उलटसुलट कप्प्यांचा डबाच दाब खात असतो. तेवढाच डबा आरपार जाळीच्या नळीचा घातला की काम होतं. पाइपाला हातही लावावा लागत नाही.

एक गाडी आठवते. मालक तक्रार घेऊन आले की तीन इंची सायलेन्सर घातलाय तरी मॅपवाला म्हणतो मागे दाब आहे. गाडी लिफ्टवर घेतली. बाहेरून खरंच ७६ मिमी पाइप, वेल्डही दिसायला ठीक. मागच्या एक्सलवर पाइप वळवला होता तो साध्या प्रेस मशीनवर. वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या आणि पाइप चपटा झालेला. कॅलिपर आडवा लावला तर ७६, उभा लावला तर ५८. मग मधला फ्लॅन्ज, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडणारी चकती, खोलला. दोन्ही बाजूंना तीन इंची पाइप आणि मध्ये बसवलेली गॅस्केट मात्र कुठल्यातरी लहान गाडीची, तिचं भोक जेमतेम ५० मिमी. फ्लॅन्जच्या तोंडावर काजळीचं काळं वर्तुळ स्पष्ट उमटलं होतं, त्या वर्तुळाबाहेरचा धातू अजून चकचकीत. म्हणजे एवढ्या मोठ्या पाइपातून वायू शेवटी दोन इंचातूनच जात होता. ती गॅस्केट कापून मोठी केली, वळणाचा तुकडा बदलला, आणि मागचा दाब निम्म्याहून खाली आला.

म्हणून वळणं मँड्रेल बेंडचीच घ्या. मँड्रेल म्हणजे पाइप वाकवताना आतून आधार देतात, त्यामुळे गोलाई टिकते. आपल्याकडे मँड्रेल बेंड करणारी दुकानं मोजकी आहेत, पण नाशिककरांना एक सोय आहे ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. वाइनरी आणि डेअरीच्या पाइपलाइन करणारे फॅब्रिकेटर इथे भरपूर आहेत. त्यांच्याकडे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे तयार बेंड असतात, ५१, ६३.५ आणि ७६ मिमी बाहेरच्या व्यासाचे, भिंत दीड मिमीच्या आसपास, आतून गुळगुळीत. सव्वादोनचं माप त्यांच्याकडे सहसा मिळत नाही, म्हणून डेअरीचे बेंड वापरायचे असतील तर सरळ अडीच इंचावर जा. तुमच्या गाडीला ते थोडं मोठं होईल पण नुकसान काही नाही, आणि प्रेस केलेल्या सव्वादोनपेक्षा गोल राहिलेला अडीच कधीही चांगला.

खरेदी करताना एक सापळा सांभाळा. प्लंबिंगच्या पाइपाचं माप वेगळ्या पद्धतीचं असतं. तिथली 'दोन इंच एनबी' म्हणजे बाहेरून ६०.३ मिमी आणि 'अडीच इंच एनबी' म्हणजे ७३ मिमी. सायलेन्सरचा दोन इंच म्हणजे बाहेरून ५०.८. दुकानदाराला इंच सांगू नका, बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. प्लंबिंगचा पाइप जाडही असतो. दोन इंच एनबी, शेड्यूल १० (हा भिंतीच्या जाडीचा क्रमांक) चा पाइप मीटरला चार किलो भरतो. दीड मिमीचा अडीच इंची ट्यूब मीटरला साधारण २.३ किलो. लटकणाऱ्या रबरांवर आणि ब्रॅकेटवर ते वजन रोज आदळणार आहे.

धातूबद्दल. ३०४ सांगून २०२ देणारे पुष्कळ आहेत. रेलिंग-गेटला २०२ चालतं, त्यात निकेल कमी आणि मॅंगनीज जास्त असतं, सायलेन्सरच्या उष्णतेत आणि आतल्या आम्लट पाण्यात ते लवकर गंजतं. चुंबक लावून हे ओळखता येत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. स्क्रॅपवाल्यांकडे केमिकलच्या थेंबांची टेस्ट किट असते, ती लावून घ्या किंवा पाइपवरचा छाप आणि मिलचं सर्टिफिकेट बघा. उलट चुंबक चिकटला म्हणून घाबरूही नका. ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो आणि गाड्यांच्या कंपन्या तोच धातू सायलेन्सरला सर्रास वापरतात. दिसायला मळकट होतो, पण उष्णतेला चांगला आणि तापल्यावर कमी फुगतो. बजेट कमी असेल तर ४०९ मनापासून सांगेन.

फुगण्याचा मुद्दा गंभीर आहे. ३०४ चा अडीच मीटर पाइप तीनशे अंशांनी तापला की बारा-तेरा मिमी लांब होतो. घाट चढून इगतपुरीला थांबलात की तो पुन्हा आकसतो. हे लांबणं-आकसणं कुठेतरी सामावलं पाहिजे, नाहीतर वेल्डच्या कडेला तडा जातो, आणि तो बहुतेक वेळा डाउनपाइपवर जातो. इंजिन आडवं बसवलेलं असल्याने अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते पुढे-मागे डुलतं, तोही ताण तिथेच येतो. डाउनपाइपनंतर चांगल्या प्रतीचा फ्लेक्स (लवचीक जोड) घाला, आतून इंटरलॉकची नळी असलेला. आत नुसती जाळी असलेला स्वस्त फ्लेक्स आतून सुटतो, त्याच्या तारा वायूच्या वाटेत येतात आणि एवढ्या कष्टाने कमी केलेला दाब परत वाढतो.

वेल्डिंग टिगचंच (आर्गन वायूच्या आवरणात होणारं) घ्या आणि वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. आतून आर्गन नसेल तर वेल्डची मागची बाजू जळून काळी, खडबडीत, साखरेच्या खड्यांसारखी होते. बाहेरून तोच वेल्ड सुंदर दिसतो. म्हणून जोडणी करायच्या आधी प्रत्येक तुकड्यात टॉर्च मारून आत बघा, बोट फिरवून बघा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. लॅम्डा सेन्सरची जागा पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवा, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये, नाहीतर सकाळी पाइपात साचलेलं पाणी सेन्सरवर उडतं आणि तो मरतो. सेन्सरच्या अलीकडे बारीकशी गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर चुकीचं सांगतो आणि मॅपवाला नसलेला दोष शोधत बसतो.

मोकळ्या डाउनपाइपचा एक धोका आधीच सांगून ठेवतो. छोट्या टर्बोत वेस्टगेटचं भोक लहान असतं. मागचा रस्ता फारच मोकळा केला तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही जादा वायू वळवायला कमी पडतो आणि बूस्ट ठरवलेल्यापेक्षा वर सरकत जातो. थंडीत, पहाटे, गार हवेत हे जास्त होतं. मग ईसीयू लिम्प मोडमध्ये जातो, म्हणजे ताकद मुद्दाम कमी करतो. डाउनपाइप बदलल्यावर पहिल्या दिवसापासून बूस्टची लॉग फाइल काढा.

कॅट काढू नका. हे मी कायद्यापुरतं म्हणत नाही. तुमच्या पातळीवर चांगल्या स्थितीतला कॅट फार दाब खात नाही, आणि तो काढला की पेट्रोलच्या वासाने मागे बसलेल्या मुलांचं डोकं दुखतं. जुना कॅट वितळून अर्धा बंद झालेला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा नवीन बसवा. कायद्याचंही सांगतो. बीएस ६ गाडीचं एमिशनचं सामान काढणं, किंवा आरसीवरच्या मूळ तपशिलात बदल होईल असं काही करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादेबाबत कलम १९०(२) आहे, त्यात पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी गाडीखाली बघते. डिझेलवाल्यांसाठी एवढंच: डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढून पाइप मोठा करा म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आवाजाचं मात्र आधी ठरवा, कारण मुंबईच्या रस्त्यावर तीन तास तोच ऐकायचा आहे. मोठ्या पाइपाने आवाज वाढतो त्याहून त्रासदायक असतो तो क्रूझिंगला कानात घुमणारा डुम्म आवाज. तुमचं इंजिन तीन सिलिंडरचं, २४०० आरपीएमला त्याचे ठोके सेकंदाला ६० पडतात, आणि ६० हर्ट्झचा आवाज केबिनमध्ये घुमायला अगदी सोयीचा असतो. चार सिलिंडरमध्ये त्याच आरपीएमला ८० होतात. तो घालवायला पाइपाला एक बंद तोंडाची आडवी नळी जोडायची पद्धत आहे, तिची लांबी त्या लहरीच्या पाव भाग. ८० हर्ट्झला ती जवळपास १.४ मीटर लागते, ६० ला १.९ मीटर. पोलोखाली तेवढी जागा कुठून आणणार? म्हणून मधला रेझोनेटर काढायचा नाही. मागचा डबा मोकळा केलात तरी मधला ठेवा, तोही आरपार जाळीचा आणि भरपूर लांब घ्या. भरायला काचेच्या लोकरीऐवजी आत जाळीला लागून स्टीलची लोकर आणि बाहेर काचेची, असं करा. नुसती काचेची वर्षा-दोन वर्षांत उडून जाते आणि आवाज वाढत जातो. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला तीन मिमीचं भोक ठेवायला सांगा. तुम्ही आठवडाभर शहरात कॉलेज रोड-गंगापूर रोड एवढंच फिरत असाल तर पाइप पूर्ण तापतच नाही आणि पाणी आत साचून राहतं.

तर तुमच्या गाडीत मी असं करीन. आधी वर सांगितल्याप्रमाणे गेज लावून कॅटच्या मागचा दाब बघेन. कॅट आणि डाउनपाइप मूळचे ठेवेन, फक्त फ्लॅन्जच्या आत वेल्डचा फुगवटा किंवा गॅस्केटची कड वाटेत येते का ते तपासेन. दाब जास्त निघाला तर फ्लेक्सपासून मागे सव्वादोन इंच मँड्रेलचा पाइप, मध्ये लांब रेझोनेटर, शेवटी आरपार डबा. डेअरीचे बेंड हाताशी असतील तर तेच काम अडीच इंचात. पेट्रोल टाकी आणि हँडब्रेकच्या केबलजवळ मूळच्या हीट शील्ड परत बसवेन. त्या काढून टाकायची फॅशन आहे आणि ती धोकादायक आहे. मग मॅप. पाचशे किलोमीटर चालल्यावर गाडी गार असताना सगळे क्लॅम्प आणि नट पुन्हा आवळायचे, लटकणाऱ्या रबरांच्या जागी पाइप कुठे अंगाला घासतोय का बघायचं, आणि तोच गेज त्याच जागी लावून दुसऱ्यांदा मोजायचं. तेव्हाही आकडा दोनच्या वर असेल तर पाइप आणखी मोठा करायच्या भानगडीत पडू नका. मागच्या डब्याच्या आधी गेज लावा, तिथे दाब कमी दिसला तर मधल्या रेझोनेटरची जाळी तपासा, तिथेही तेवढाच दिसला तर मागचा डबा उतरवून आत बघा.